ठकूबाईची पात

माघ अर्धा सरला होता तरी थंडी हटायचं नाव घेत नव्हती, आणि त्या दिवशी तर पहाटेपासून धुई उतरली होती. कुकडीच्या पात्रातून वर चढलेली ती धुई बोरीच्या शिवारावर अशी बसली होती, की गोठ्यात गाईची शिंगं दिसत होती आणि गाय दिसत नव्हती. ठकूबाईनं चाचपूनच कास धुतली, धार काढली, चूल पेटवून सात भाकरी थापल्या आणि आठवी थापता थापता अंगणाकडं बघून म्हणाली, "आज द्राक्षवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं आसंल."

"पळू दे. तुपला चहा गार झाला," तिचा नवरा सावळाराम म्हणाला. तिच्यासाठी ओतलेला कप चुलीपाशी निवत होता.

"मपल्याला नगं. तुमीच प्या."

चहा नको म्हणाली, पण लिटरची बाटली मात्र तिनं काठोकाठ भरून पिशवीत टाकली. दोन वर्षांपूर्वी रक्तात साखर निघाली तेव्हा नारायणगावच्या डॉक्टरनं बजावलं होतं, पाणी भरपूर पीत जा. ठकूबाई रोज सकाळी बाटली भरून न्यायची आणि संध्याकाळी तशीच्या तशी परत आणायची.

"ह्या बाटलीला रोज कुठं फिरायला नेती?" सावळारामनं विचारलं.

"तिला बी बघू द्या की पॅकहाऊस."

सावळाराम काठी घेऊन तिला रस्त्यापर्यंत सोडायला निघाला. दोन्ही अंगाला ऊस उभा होता आणि परवाच बिबट्यानं वस्तीवरचं कुत्रं उचललं होतं, म्हणून त्यानं मोबाईलवर मोठ्यानं भजन लावलं होतं. साडेसातला पिकअप आला. आतल्या बायांनी सरकून जागा केली आणि ठकूबाई आपल्या ठरल्या कोपऱ्यात, दाराशी, जाऊन बसली. मुकादमाची जागा दाराशी.

मुकादम ती आता राहिली नव्हती. पण बावीस वर्षं होती, आणि बावीस वर्षांची सवय दोन हंगामांत जात नसते. चौदा बायांची टोळी घेऊन ती बोरीपासून आळ्यापर्यंत रानं पालथी घालायची. कांद्याची लागण, बाजरीची खुरपणी, टोमॅटोची तोडणी. रानात उतरलं की प्रत्येकीनं आपली पात धरायची. पात म्हणजे एकेकीच्या वाट्याचा पट्टा, या बांधापासून त्या बांधापर्यंत. सगळ्यांनी बरोबरीनं पुढं सरकायचं. एखादीला आडोशाला जावं लागलं, एखादीचं पोर झोळीत रडायला लागलं, तर तिची पात शेजारणींनी ओढायची. ती परत येईपर्यंत तिचा पट्टा इतरांच्या बरोबरीला आलेला असायचा. मालक बांधावर उभा असला तरी त्याला मागं राहिलेली बाई दिसू द्यायची नाही. आणि वरून ठकूबाईचा दंडक असा, की जिनं पात ओढली तिनं ते तोंडातून काढायचं नाही. "उपकार बोलून दावला की त्याची उधारी व्हती," असं ती नव्या पोरींना सांगायची. उन्हं डोक्यावर आली की स्वतःच खुरपं ठेवायची आणि म्हणायची, "टेका गं बायांनो." तेवढीच सुट्टी, आणि ती देणारी ठकूबाई.

मग गुडघे गेले. उकिडवं बसता येईना. तेव्हा ती द्राक्षांच्या पॅकहाऊसात लागली. तिथं काम उभ्यानं होतं, वर सावली होती. शेतातून क्रेट यायचे, लांब टेबलाशी उभं राहून कात्रीनं खराब मणी काढायचे, घड तोलून पनेटात, म्हणजे प्लॅस्टिकच्या छोट्या डब्यात, भरायचे, दहा पनेटांची पेटी झाली की वर आपल्या नंबरचं स्टिकर लावायचं आणि पेटी पट्ट्यावर ढकलायची. ठकूबाईचा नंबर सतरा. हात असा, की पहिल्याच हंगामात पेट्यांच्या हिशेबाच्या फळ्यावर तिचं नाव वर गेलं आणि तिथंच राहिलं.

यंदा संक्रांतीनंतर नवा नियम आला. जेवणाची अर्धा तास सुट्टी सोडून दिवसात दोनदाच बाहेर जायचं, आणि तेही सात मिनिटं. दारावर कार्ड लावायचं यंत्र बसवलं. तिसऱ्यांदा गेलं की नावापुढं लाल रेघ. लाल रेघेबरोबर पेट्याही कमी पडल्या, की दुसऱ्या दिवशी गेटच्या आत घ्यायचं नाही.

सात मिनिटं ऐकायला पुष्कळ वाटतात. पण हातमोजे काढा, अंगरखा काढा, केसांवरची जाळी काढा, डिझेलच्या टाकीला वळसा घालून अंगणाच्या त्या टोकाला संडासापर्यंत जा, तिथं पुढच्या दोघी उभ्या. मग परत येऊन कोपरापर्यंत हात धुवा आणि सगळं पुन्हा चढवा. नुसत्या कपड्यांतच चार मिनिटं जात. त्यात माल टिकावा म्हणून आतली हवा गारेगार. त्या गारठ्यात धडधाकट बाईलासुद्धा लागायची, साखरवालीचं काय सांगावं. पोरी पाणी पिईनाशा झाल्या. दोघींना मूतखड्याचा त्रास सुरू झाला. ठकूबाई चारदा तरी जायचीच. तिच्या नावापुढं लाल रेघांची कुंपणं झाली होती, पण पेट्या मात्र कमी पडत नव्हत्या.

"रेघा गेल्या चुलीत," ती हात नाचवून म्हणायची. "बाहीर जाऊन बी पयला नंबर हाये मपला. हाताला वळण लागतं, बायांनो. ते कारडात न्हाई छापून येत."

त्या दिवशीही आत शिरल्या शिरल्या तिनं फळा बघितला. सतरा नंबर वर. आणि सगळ्यात खाली, सलग तिसऱ्या दिवशी, अकरा नंबर. अकरा नंबर म्हणजे ऋतिका, मेंढरं राखणाऱ्या यमाजीची धाकटी सून. पाच वर्षांपूर्वी ठकूबाईच्याच टोळीत कांदा लावायला आलेली, आता टेबलावर तिच्या डाव्या हाताला उभी राहणारी. शनिवारी तळाच्या तिघींना काढणार, असं सुपरवायझर गोरखनं हळूच सांगून ठेवलं होतं.

ठकूबाईला ते सहन होईना. आपल्या टोळीतली पोर तळाला जावी म्हणजे आपल्याच नावाला बट्टा.

"आगं, ती कात्री हाये का कापसाची वात?" तिनं सुरुवात केली. "घडाला आसं कुरवाळत बसली तर द्राक्षाचा बेदाणा व्हईल तुपल्या हातात. सासऱ्याच्या मेंढरांची लोकर तरी लवकर कातरती का गं तू?"

टेबलावर हशा झाला. ऋतिकाही हसली. "शिकंन मावशी," म्हणाली आणि पुढचा घड उचलला.

"शनिवार उगवल्यावर शिकती का?"

ऋतिका घड पनेटात बसवू लागली.

साडेअकराला ठकूबाई दुसऱ्यांदा बाहेर जाऊन आली आणि हातमोजे चढवतेय तोवर गोरख समोर येऊन उभा राहिला. गोरख बोरीचाच, तिच्या डोळ्यांदेखत वाढलेला. "मावशी, हापिसात बोलावलंय," तो म्हणाला, पण तिच्याकडं बघून म्हणाला नाही.

ऑफिसात मॅनेजर होत्या, पुण्याच्या मॅडम. तिशीतली बाई, डोळ्यांखाली काळं, समोर अर्धवट खाल्लेला वडापाव गार पडलेला. त्यांनी ठकूबाईला खुर्ची दिली. ठकूबाई बसली. खुर्ची दिली म्हणजे काहीतरी वाईट आहे, हे तिला बसल्यावर कळलं.

"ठकूबाई, तुम्ही काल दुपारी तीन वाजून आठ मिनिटांनी बाहेर गेलात. तीन वीसला आत आलात. बरोबर?"

"घड्याळ न्हाई माझ्याकडं. पर गेले व्हते."

"तीन बाराला तुमच्या नंबरची एक पेटी पट्ट्यावरून गेली. तीन अठराला दुसरी." मॅडमनी कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडं वळवला. "तुम्ही बाहेर असताना तुमच्या पेट्या कोण भरतं?"

ठकूबाईला आधी कळेचना. मग कळलं आणि ती हसली. "मशीन चुकलं आसंल, बाई."

"दार आणि पट्टा आम्ही मागच्या आठवड्यात एकमेकांना जोडले. त्याआधीचंही सगळं जुळवून बघितलं. संक्रांतीपासून आजपर्यंत." मॅडम बोटानं पडदा सरकवत गेल्या. ओळी खाली खाली जात राहिल्या. प्रत्येक ओळीत सतरा. सकाळ, दुपार, जेवणानंतर. ती जितक्यांदा बाहेर गेली होती, तितक्यांदा तिच्या मागं तिचा हात चालूच होता.

तिनं खुर्चीची कड धरली.

"मी न्हाई कुणाला सांगितलं," ती म्हणाली. आपलाच आवाज तिला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

"मग कुणी लावले तुमचे स्टिकर? कॅमेऱ्यात मध्ये खांब येतो, दिसत नाही. गुरुवारी परदेशातल्या खरेदीदाराची माणसं तपासणीला येतायत. ज्या पेटीवर ज्याचा नंबर, त्यानंच ती भरलेली असली पाहिजे. एका पेटीत खोटं निघालं तर सगळा कंटेनर परत येतो."

"मपल्याला पेटी दावा," ठकूबाई म्हणाली.

"कशाला?"

"रान बघून लागण कुणी केली ते सांगती मी. पेटी बघून न्हाई का कळणार?"

मॅडमनी गोरखकडं बघितलं. गोरख शीतगृहात जाऊन कालची तीन बाराची पेटी घेऊन आला. ठकूबाईनं झाकण काढलं. बावीस वर्षं तिनं हात ओळखले होते. कुणाचं रोप तिरकं लागतं, कुणाचं खोल जातं, न बघता सांगायची. तिनं एक पनेट उचललं, दुसरं उचललं. दुसऱ्या कुणाचा हात ती शोधत होती.

पेटीत तिचाच हात होता. शेवटचा घड देठ आत वळवून, शेपटाकडून बसवलेला, म्हणजे पनेट उघडलं की आधी मणी दिसावेत. डाव्या कोपऱ्यात लहान झुबका, पाचर मारल्यासारखा. हे तिचं, तिनं स्वतः काढलेलं, सबंध पॅकहाऊसात कुणाचं नव्हतं.

आणि मग तिला आठवलं, हंगामाच्या सुरवातीला डाव्या हाताची पोर विचारत होती, "मावशी, शेवटचा घड आसा उलटा का बसवायचा?" तिनं चांगलं दोनदा करून दाखवलं होतं.

डाव्या हाताची पोर. अकरा नंबर. तळाचा.

ठकूबाईच्या हातातलं पनेट पेटीत पडलं. संक्रांतीपासून फळ्यावर तिचं नाव वर चढत होतं आणि त्याच पेट्यांनी त्या पोरीचं नाव खाली उतरत होतं. आणि आज सकाळी सगळ्या टेबलासमोर तिनं त्या पोरीला लोकरीवरून सुनावलं होतं. पोर हसली होती.

"काय झालं? ओळखलंत?" मॅडमनी विचारलं. "नाव सांगा. तुमच्यावर काही येणार नाही. सांगितलं नाहीत तर मला तुमचं सबंध टेबल जबाबदार धरावं लागेल."

ठकूबाई उठली. "बाई, मी जरा जाऊन येऊ का?"

मॅडमनी नकळत भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. मग त्यांचा त्यांनाच संकोच झाला. "जा," त्या म्हणाल्या. "ऑफिसच्या दारानं जा. तिथं कार्ड नाही."

अंगणाच्या टोकाला पत्र्याच्या दाराआड ठकूबाई बसून राहिली. तिच्याच्यानं उठवेना. गुडघ्यांमुळं नव्हे. बावीस वर्षं जिनं दुसऱ्यांच्या पाती ओढल्या, ती मागं पडलेली बाई झाली होती, आणि तिला ते ठाऊक नव्हतं. मालकाला दिसू नये म्हणून जे करायचं, ते त्या पोरीनं तिलाच दिसू दिलं नव्हतं.

बाहेर आली तर हात धुवायच्या नळापाशी ऋतिका उभी होती, केसांवरची जाळी हातात घेऊन.

"सात मिनिटं चालू हायेत माझी," ऋतिका म्हणाली. "काय म्हणत्यात हापिसात?"

"तू व्हतीस?"

"कशात?"

"उगं येड पांघरू नको. पेटी बघितली मी."

ऋतिकानं नळ सोडला आणि स्वच्छ हात पुन्हा धुवायला लागली. "पात वढली तर बोलायचं नसतं. तुमीच सांगितलं व्हतं."

"ते रानात, आगं. हितं नंबर लावलेत त्यांनी."

"मला रान अन् टेबल येगळं न्हाई वाटलं. तुमी गेल्या की तुमची जागा रिकामी दिसायची. स्टिकरचं भेंडोळं तिथंच पडलेलं. दोन पनेटं सरकवली. मग रोजचंच झालं." तिनं नळ बंद केला. "आळ्याच्या रानात माझं पोर झोळीत तापानं फणफणलं व्हतं, तव्हा सांजपर्यंत माझी पात कुणी वढली? मी इचारलं तर तुमी म्हणाल्या, कांदा आपलाआपण लागला."

ठकूबाईला ते रान आठवेना. अशी कितीतरी रानं झाली होती.

"शनिवारी तुपलं नाव कटतंय. ठावं हाये का?"

"ठावं हाये."

"ठावं हाये?" ठकूबाईनं विचारलं.

"मी कुठं बी जाईन, मावशी. मंचरला जाईन, टोमॅटोच्या मार्केटात जाईन. तुमाला आता कोण घेतंय?"

तिनं ते साधेपणानं म्हटलं. टोचायला नव्हे, जसं आज धुई आहे म्हणावं तसं. ठकूबाईला मात्र कुणीतरी पाठीत गार पाणी ओतल्यासारखं झालं. लाल रेघांनी झालं नव्हतं, कॉम्प्युटरनं झालं नव्हतं, तसं झालं. हे या पोरीनं कधीच जोखलं होतं, आणि जोखून रोज हसून बोलणी खाल्ली होती.

"आत जा," ठकूबाई म्हणाली. "तुपली मिनिटं सरली. आत कुणी इचारलं तर मान हलवायची, तोंड उघडायचं न्हाई. मुकादमानं सांगितलंय म्हणून."

ऑफिसात ती या खेपेला बसली नाही.

"लिहा बाई," ती म्हणाली. "अकरा नंबर, ऋतिका. पर तिनं मनानं न्हाई केलं. मी करायला लावलं. भेंडोळं तिच्या हातात मी देऊन जायची. मपल्याला साखर हाये, घडीघडीला जावं लागतं, पेट्या कमी पडायच्या. तिला म्हणलं, भर माझ्या नावाच्या, न्हाईतर टोळीतून काढीन."

दाराशी गोरखनं मान वर केली. टोळी दोन वर्षांपूर्वीच मोडली होती, हे त्याला माहीत होतं. त्यानं मान पुन्हा खाली घातली.

"मघाशी म्हणालात, कुणाला सांगितलं नाही," मॅडम म्हणाल्या.

"मघाशी खोटं बोलले. घाबरले व्हते."

मॅडमनी पेटीचं झाकण लावलं. "म्हणजे या पेट्या त्या मुलीच्या."

"समद्या. तिच्या नंबरावर घाला. मग बघा ती तळाला राहाती का ते."

मॅडमनी कॉम्प्युटरवर बोटं चालवली. अकरा नंबर चढत चढत मधल्या ओळींत येऊन थांबला. सतरा घसरत गेला. ठकूबाईनं पडद्यावरची नजर काढली नाही. थांबला तेव्हा त्याच्या खाली कुणीच नव्हतं.

आपला हात किती उरलाय, हे तिला असं, परक्या बाईच्या टेबलावर, गार वडापावाशेजारी कळलं.

"तिला लेखी ताकीद मिळेल," मॅडम म्हणाल्या. "काम राहील. तुम्हाला मात्र टेबलावर ठेवता येणार नाही. हे असं मी चालवून घेतलं तर उद्या…" त्यांनी वाक्य सोडून दिलं. "नियम मी केलेला नाही, ठकूबाई."

"मग कुणी केला?"

"वरून आला."

"वरच्यास्नी लागत न्हाई वाटतं," ठकूबाई म्हणाली.

मॅडमना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. गोरख खाकरला. "मॅडम, क्रेट धुवायला बाई कमी हाये. मागच्या अंगणात. तिथं कार्ड न्हाई, पेटी न्हाई." आणि मग, अगदी हळू, "संडास बी शेजारीच हाये."

क्रेट धुणं म्हणजे पॅकहाऊसातलं शेवटचं काम. हात उरला नाही त्या बायांचं. सकाळी कुणी हे सुचवलं असतं तर ठकूबाईनं त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या.

"चालंल," ती म्हणाली.

सतरा नंबरचं कार्ड तिनं खिशातून काढून मॅडमच्या टेबलावर ठेवलं. हॉलमधून पिशवी आणायला गेली तेव्हा टेबलावरच्या सगळ्यांच्या माना खाली होत्या. ऋतिकाची कात्री झरझर चालली होती. ठकूबाई तिच्या मागं क्षणभर थांबली. ही कात्री कापसाची वात नव्हती. कधीच नव्हती. पोर एवढा वेळ दोन पाती एकदम ओढत होती आणि तिनं ते पाहिलं नव्हतं.

"डाव्या अंगाचा झुबका जरा आत दाब," ठकूबाई म्हणाली. "प्रवासात हलतो."

"व्हय मावशी," ऋतिका म्हणाली. मागं वळून बघितलं नाही.

मागच्या अंगणात धुई फाटून ऊन पडलं होतं. सिमेंटच्या हौदाशेजारी क्रेटची थप्पी माणसाच्या उंचीची झाली होती, प्रत्येकात चिकट रस आणि फुटके मणी, त्यांवर माशा. ठकूबाईनं पदर खोचला. पिशवीतली बाटली हौदाच्या कठड्यावर ठेवली, मग पुन्हा उचलली, झाकण काढलं आणि निम्मी एका दमात प्यायली. पाणी गळ्यावरून खाली ओघळलं.

ट्रॅक्टरवाल्यानं आणखी दहा क्रेट आणून धाडकन आदळले.

"आरं, फेकतो काय? फुटल्यावर तुपला मालक भरून देणारे का?" ती म्हणाली. तिनं पाईप उचलला, पहिला क्रेट उताणा केला आणि ब्रश घेऊन कोपऱ्यातला चिकट भाग घासायला लागली.